दोन लाइन, एक डबा: टीपी-लिंक ईआर६०५ सोलापूरच्या घरात

एक लाइन गेली की घरात आवाज येतो, "त्या दुसऱ्या वायफायवर जा!" मग फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळं एकेक करून हलवायचं. पहिली लाइन आली की पुन्हा परत. दोन लाइनचे पैसे दरमहा भरूनही ही धावपळ चालू असेल तर त्या दोन लाइन एकत्र बांधणारा डबा लागतो. घरगुती वापरासाठी त्यातला सगळ्यात सरळ डबा म्हणजे टीपी-लिंकचा ईआर६०५. पुण्या-हैदराबादच्या ऑफिसचं काम जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधून करणारे असोत, की पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर असलेले असोत, त्यांना हा उपयोगी पडतो. पण खोक्यातून काढला, वायरी जोडल्या आणि झालं, असं यात होत नाही. नुसत्या वायरी जोडलेला ईआर६०५ अनेकदा ऐन वेळी दगा देतो. त्यात दोष डब्याचा कमी आणि सेटिंगमधल्या न भरलेल्या दोन-तीन रकान्यांचा जास्त असतो. म्हणून या रिव्ह्यूमध्ये त्या रकान्यांनाच जास्त जागा दिली आहे.

डबा छोटा आहे, धातूचा, आत पंखा नाही. पाच गिगाबिट पोर्ट आहेत. पहिला कायमचा वॅन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचा. शेजारचे पोर्ट गरजेप्रमाणे वॅन किंवा लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांचे, करता येतात. दुसऱ्या व्हर्जनला यूएसबी पोर्टही आहे, त्यात डोंगल लावून मोबाइल नेटवर्कची जादा लाइन करता येते. मात्र कुठलंही डोंगल चालत नाही, कंपनीच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते आधी बघा. वायफाय यात अजिबात नाही. हे अनेकांना डबा घरी आल्यावर कळतं. घरातला जुना वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, टाकून याच्या लॅन पोर्टला जोडायचा. त्याच्यात तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणं, बंद करा, त्याचा पत्ता बदलून याच्या रांगेतला (पहिले तीन आकडे याच्यासारखेच) पण न वापरलेला द्या, आणि वायर त्याच्या वॅनला न लावता लॅन पोर्टला लावा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. १०० एमबीपीएसच्या दोन लाइन जोडल्या म्हणून एक फाइल २०० च्या वेगाने उतरत नाही. डबा कनेक्शन वाटतो, पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, नाही. एक कनेक्शन एका लाइनवर सुरू झालं की शेवटपर्यंत त्याच लाइनवर राहतं. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते म्हणून तिथे कधी बेरीज दिसू शकते. अनेक ठिकाणांहून तुकडे उतरवणाऱ्या टोरेंटलाही बेरीज मिळते. एकाच मोठ्या व्हिडिओ कॉलला ती मिळत नाही. फायदा होतो तो घरात पाच माणसं एकाच वेळी वापरत असताना. एकाचं डाउनलोड दुसऱ्याच्या कॉलवर बऱ्याचदा बसत नाही, कारण दोघं वेगळ्या लाइनवर गेलेले असतात. खरा फायदा मात्र लाइन गेल्यावर कळतो.

आता जोडणी. कंपनीने किंवा केबलवाल्याने दिलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, बहुतेक घरांत स्वतःच राउटरचं काम करत असतो आणि त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दोन्ही कंपन्यांचे ओएनटी याच पत्त्यावर बसले असतील तर ईआर६०५ च्या दोन्ही वॅनना एकाच रांगेतले पत्ते मिळतात आणि कुठलं पाकीट कुठे पाठवायचं याचा गोंधळ उडतो. एका लाइनवर पानं उघडतात, दुसरी नुसती 'कनेक्टेड' दिसते. वायरी लावण्याआधीच एका ओएनटीचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करून घ्या. ईआर६०५ स्वतः १९२.१६८.०.१ वर बसतो, म्हणून कुठलाही ओएनटी शून्याच्या त्या रांगेत नको.

पहिल्यांदा लॅपटॉप शेवटच्या, पाचव्या पोर्टला लावा. दुसऱ्या पोर्टला लावलात तर पुढच्या पायरीत तोच पोर्ट वॅन होतो आणि तुम्ही बाहेर फेकले जाता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, स्वतःचं नाव-पासवर्ड ठरवा, मग नेटवर्कमध्ये वॅन मोडवर जाऊन दुसऱ्या वॅनची खूण करा. डबा रीस्टार्ट होतो. त्यानंतर दोन्ही वॅनची माहिती भरायची. ओएनटी राउटर म्हणूनच ठेवला असेल तर डायनॅमिक आयपी निवडा, बाकी काही लागत नाही. केबलवाल्याने ओएनटी ब्रिज करून दिला असेल, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद केलं असेल, तर पीपीपीओई (आयडी-पासवर्डने डायल करायची पद्धत) निवडून त्याच्याकडून मिळालेला आयडी-पासवर्ड टाका. इथे दोन गोष्टी अडतात. एक, ब्रिज अर्धवट झालेला असतो आणि ओएनटी आतल्या आत डायल करत राहतो. एका आयडीवर बहुधा एकच जोडणी चालते, त्यामुळे ईआर६०५ ला ती मिळत नाही. दोन, स्थानिक कंपन्या बऱ्याचदा जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या डब्याचा कारखान्यातून आलेला क्रमांक, बांधून ठेवतात. फोन करून 'मॅक सोडा' म्हणा, नाहीतर मॅकच्या पानावर जुन्या राउटरचा पत्ता टाका.

ब्रिजचा हट्ट धरायची गरज नाही. ब्रिज नसेल तर ओएनटी आणि ईआर६०५ दोघंही पत्ते बदलतात, पण अशी पत्त्यांची दुहेरी भाषांतरं झाली तरी ब्राउझिंग, कॉल, ओटीटी, यूपीआय यांना काही फरक पडत नाही. गेमिंग आणि बाहेरून घरातल्या नेटवर्कमध्ये शिरायचं असेल तरच त्रास होतो. तिथेही कंपनीने तुम्हाला अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे ठेवलं असेल तर ब्रिज करूनही पोर्ट उघडत नाही. कारखान्याचे कॅमेरे बाहेरून बघायचे असतील तर डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची) क्लाउड सेवा वापरा किंवा कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्या.

ओएनटीचं वायफाय बंद करायला विसरू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते. फोनमध्ये जुन्या वायफायचं नाव साठवलेलं असतं, तो आपोआप तिथे जातो आणि ईआर६०५ ला वळसा घालून बाहेर पडतो. मग तक्रार येते की डबा लावूनही लाइन गेली की फोनचं नेट जातं. कंपनीचा सेट-टॉप बॉक्स आणि लँडलाइन मात्र ओएनटीलाच राहू द्या.

आता पहिला महत्त्वाचा रकाना. प्रत्येक वॅनच्या पानावर अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम बँडविड्थ लिहायला जागा आहे, केबीपीएसमध्ये. तिथे मुळात १०,००,००० हा आकडा असतो, म्हणजे एक गिगाबिट. तो तसाच ठेवला तर डब्याच्या लेखी दोन्ही लाइन सारख्या. समजा एक २०० एमबीपीएसची फायबर आहे आणि दुसरी ५० ची. आकडे न भरता डबा कनेक्शन निम्मी-निम्मी वाटणार, म्हणजे निम्मं घर ५० च्या लाइनवर कोंबलं जाणार. दोन लाइन जोडल्यावर नेट उलट हळू झालं, ही तक्रार इथून येते. २,००,००० आणि ५०,००० भरा, की वाटप चारास एक होतं. आकडा प्लॅनच्या कागदावरचा नको. रात्री नऊच्या सुमारास, गल्लीतले सगळे बघत बसलेले असताना, लॅपटॉप थेट ओएनटीला वायरने जोडून जो वेग येतो तो भरा. अपलोडचाही तसाच, कारण अनेक प्लॅनमध्ये तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो.

मग ट्रान्समिशनमधल्या लोड बॅलन्सिंगच्या पानावर तीन खुणा करा: बॅलन्सिंग चालू, ॲप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग चालू, आणि बँडविड्थप्रमाणे वाटपासाठी दोन्ही वॅन निवडलेले. मधली खूण फार कामाची. एखादा लॅपटॉप एखाद्या सर्व्हरकडे ज्या लाइनने गेला ती लाइन डबा लक्षात ठेवतो आणि पुढचीही कनेक्शन तिथूनच पाठवतो. ती नसेल तर एकाच वेबसाइटला तुमचा पत्ता क्षणात एक, क्षणात दुसरा दिसतो आणि लॉगिन उडतं.

एवढं करूनही बँकेची पानं कधी कधी बाहेर काढतात. कारण लॉगिन एका सर्व्हरवर, पैसे भरायचं पान दुसऱ्या सर्व्हरवर. डब्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे पत्ते, म्हणून दोन वेगळ्या लाइन. बँकेच्या दृष्टीने मात्र एकच खातं दोन ठिकाणांहून. यावर उपाय पॉलिसी राउटिंग, म्हणजे कोणी कुठल्या लाइनने जायचं याचा नियम. जीएसटी, बँक, टॅली यांचं काम ज्या कॉम्प्युटरवर चालतं त्याला डीएचसीपीमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून कायमचा पत्ता द्या. प्रेफरन्सेसमध्ये त्या पत्त्याचा आयपी ग्रुप बनवा. मग नियम करा: या ग्रुपची सगळी वाहतूक पहिल्या वॅनने. मोड 'प्रायॉरिटी' ठेवा, म्हणजे ती लाइन मेली तर दुसरीने जाईल. 'ओन्ली' ठेवलं तर लाइन मेल्यावर तो कॉम्प्युटरही मेला, आणि मग दुसरी लाइन घेतली कशासाठी? काही जण सगळ्या घरासाठी फक्त एचटीटीपीएस हा सेवा-प्रकार एका वॅनला बांधतात. तो तयार प्रकार टीसीपीच्या ४४३ पोर्टचा असतो. आजचे ब्राउझर बरीच वाहतूक यूडीपीच्या ४४३ वरून करतात, ती यातून निसटते. शिवाय आज जवळपास सगळंच एचटीटीपीएस असल्यामुळे एक लाइन भरते आणि दुसरी रिकामी पडते. कॉम्प्युटर बांधा, सेवा नको.

याच पद्धतीने टीव्ही आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर दुसऱ्या लाइनवर टाका. कॅमेरे दिवसभर अपलोड करत राहतात आणि अपलोड भरला की कॉलमधला आवाज तुटतो. ईआर६०५ चा खरा कमकुवतपणा इथे आहे. गर्दी झाली की छोट्या पाकिटांना आपोआप पुढे काढणारी हुशार रांग-व्यवस्था यात नाही. बँडविड्थ कंट्रोलमध्ये हातानेच डीव्हीआरला मर्यादा घालावी लागते. लाइनचा अपलोड ५० एमबीपीएस असेल तर डीव्हीआरला ३० च्या वर जाऊ देऊ नका.

आता दुसरा रकाना. हा चुकला तर सगळा खर्च वाया. लाइन मेली हे डब्याला कळतं कसं? कोपऱ्यावरच्या खांबावर फायबर तुटली तरी घरातला ओएनटी चालूच असतो. त्याच्यापासून ईआर६०५ पर्यंतची वायर शाबूत, पोर्टचा दिवा लागलेला. ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लुकलुकतोय, पण ते बघायला डब्याला डोळे नाहीत. म्हणून ऑनलाइन डिटेक्शन नावाचं पान आहे. त्यात ऑटो ठेवलं तर डबा त्या वॅनला मिळालेल्या डीएनएस सर्व्हरला (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्याला) प्रश्न विचारतो, आणि उत्तर आलं की लाइन जिवंत समजतो. ओएनटी राउटर मोडवर असेल तर हा डीएनएस सर्व्हर बहुधा खुद्द ओएनटीच असतो. काही ओएनटी बाहेरची लाइन तुटली की कुठल्याही नावाला स्वतःचाच पत्ता उत्तर म्हणून देतात, 'इंटरनेट उपलब्ध नाही' हे पान दाखवता यावं म्हणून. डब्याला उत्तर मिळालं, लाइन 'ऑनलाइन'. आणि अर्ध्या घराची कनेक्शन त्या मेलेल्या लाइनवर जातच राहतात. एक पान उघडतं, एक उघडत नाही, पुन्हा रिफ्रेश केलं की उघडतं. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधू नका.

उपाय दोन मिनिटांचा. दोन्ही वॅनना मॅन्युअल मोड करा आणि पिंगसाठी (हाक मारून उत्तर येतं का ते बघण्यासाठी) व डीएनएससाठी बाहेरचे पत्ते द्या: पहिल्याला ८.८.८.८, दुसऱ्याला १.१.१.१. दोन्हींना एकच पत्ता नको, तो सर्व्हर रुसला तर दोन्ही लाइन एकदम मेलेल्या ठरतील. 'ऑलवेज ऑनलाइन' हा पर्याय दोन लाइनच्या घरात कधीच निवडू नका.

झालं की तपासून बघा, आणि खरं तपासा. ईआर६०५ ची वायर उपसून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, ते तर कुठलाही डबा ओळखतो. ओएनटीच्या मागची हिरव्या टोकाची फायबर हलक्या हाताने काढा. टोकाला बोट लावू नका, त्यात डोळा घालून बघू नका, लगेच टोपण बसवा. लॅपटॉपवर ९.९.९.९ ला सतत पिंग चालू ठेवा आणि किती ओळी चुकतात ते मोजा. डिटेक्शनच्या पानावर ती लाइन 'ऑफलाइन' झालेली दिसली पाहिजे. तेवढ्या वेळात चालू असलेला व्हिडिओ कॉल थिजतो आणि पुन्हा जुळतो, ऑफिसचा व्हीपीएन नव्याने जोडला जातो, गेम तुटतो. हे टळत नाही, कारण बाहेरचा पत्ताच बदललेला असतो. फायबर परत लावल्यावर लाइन आपोआप यादीत येते का तेही बघा. एवढं झालं की सिस्टिम टूल्समधून सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवा.

दुसरी लाइन जादा प्लॅन म्हणून नको, फक्त अडीअडचणीला हवी, असं असेल तर बॅलन्सिंगऐवजी लिंक बॅकअप वापरा. पहिला वॅन मुख्य, दुसरा राखीव, मोड फेलओव्हर, म्हणजे मुख्य गेला तरच राखीव चालू. ज्यांची दुसरी लाइन एअरफायबरसारखी आहे त्यांनी हा पर्याय जरूर विचारात घ्यावा. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते, हवेतून येणाऱ्या लाइनची त्याहून बरीच कमी. टीव्हीने ती अर्ध्या महिन्यात संपवू नये.

दुसरी लाइन कुठली घ्यावी हा प्रश्न डब्याच्या निवडीपेक्षा मोठा आहे. सोलापुरात फायबर जमिनीखालून कमी आणि खांबाखांबावरून जास्त जाते. वेगळ्या नावाच्या दोन कंपन्या असल्या तरी त्यांच्या वायरी तुमच्या गल्लीच्या त्याच खांबावर, त्याच गुंडाळीत लटकत असतील, तर मे महिन्यातल्या वळिवाच्या वाऱ्यात पडलेली एक फांदी दोघींना बरोबर घेऊन जाते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत उंच नंदीध्वज ज्या रस्त्यांनी जातात तिथे लोंबत्या केबलींना हात लागणारच. दुसरी लाइन घेण्याआधी गच्चीवर जा आणि वायर कुठल्या बाजूने येणार ते केबलवाल्याला बोटाने दाखवायला सांगा. एक पुढच्या रस्त्याने आणि एक मागच्या बोळातून आली तर उत्तम. ते जमत नसेल तर दुसरी गच्चीवरच्या अँटेनाची घ्या, वेग कमी असला तरी चालेल. दोन खांबांवरच्या ५०-५० च्या लाइन एका खांबावरच्या २००-२०० पेक्षा जास्त उपयोगी.

वीज आणि ऊन यांचं गणितही इथलंच. घराला इन्व्हर्टर असेल तर दोन्ही ओएनटी, ईआर६०५ आणि वायफायचा डबा हे चारही इन्व्हर्टरच्या बोर्डवर आहेत ना, ते बघा. एक जरी बाहेर राहिला तर साखळी तुटली. इन्व्हर्टर नसेल तर राउटरचे छोटे यूपीएस मिळतात, पण सावध राहा. ते बहुतेक १२ व्होल्टचे असतात, कारण बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात. ईआर६०५ च्या अडॅप्टरचे व्होल्ट वेगळे असू शकतात. पिन बसली म्हणून १२ ची वायर खुपसू नका. आपल्या अडॅप्टरवर छापलेलं वाचून, तेवढ्याच व्होल्टचा सॉकेट असलेला यूपीएस घ्या.

कंपनीने या डब्यासाठी ० ते ४० अंशांची मर्यादा दिली आहे. सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडतो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या माळ्यावर तर बाहेरच्याहून जास्त उकडतं. वायरी दिसू नयेत म्हणून सगळे डबे माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात एकावर एक रचायची पद्धत उन्हाळ्यात महागात पडते. भिंतीवर, छातीच्या उंचीला, दोन डब्यांत चार बोटं अंतर ठेवून लावा. ओएनटी ते ईआर६०५ या वायरीही बऱ्या घ्या, तांब्याच्या, कॅट ५ई पुरते. आठपैकी एक तार कच्ची असली की पोर्ट गुपचूप १०० एमबीपीएसवर येतो आणि २०० ची लाइन कायम ९४-९५ दाखवते. हा आकडा दिसला की कंपनीला फोन करण्याआधी वायर बदला.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, वॅनवर बंदच ठेवा. इथल्या वाटपाचा सगळा खेळ जुन्या पद्धतीच्या, आयपीव्ही४ पत्त्यांवर चालतो. टीपी-लिंकचे अनेक डबे एका जागेवरून सांभाळणाऱ्या ओमाडा कंट्रोलरच्या वाटेलाही एका घरासाठी जाऊ नका. त्यात डबा जोडला की त्याचं स्वतःचं पान बंद होतं आणि हाताने भरलेली सेटिंग जातात.

याच कामाला मायक्रोटिक कंपनीचा हेक्स हा राउटर जास्त लवचिक आहे, पण त्यात वाटपाचे नियम एकेक ओळ स्वतः लिहावे लागतात. नेटवर्किंग हेच ज्यांचं काम आहे त्यांनी तो घ्यावा. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली टाकून त्यात एमवॅन३ हा लाइन वाटणारा प्रोग्राम चालवणाऱ्यांना वर म्हटलेली हुशार रांगही मिळते, पण बिघडलं तर निस्तरणारं माणूस घरातच हवं. ज्यांच्याकडे एकच लाइन आहे आणि ती वर्षात दोन-चारदाच जाते त्यांनी यातलं काहीच घेऊ नये, फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

बाकीच्यांनी ईआर६०५ घ्यावा. नवी पेठेत घ्या किंवा ऑनलाइन, खोक्यावरचं हार्डवेअर व्हर्जन वाचून घ्या. यूएसबी हवं असेल तर दुसरं. आणि फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, उतरवताना तोच व्हर्जन क्रमांक निवडा, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.